पंगतीतला आकडा

उमरग्यात एक गोष्ट शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असते: ताटावर बसलेल्या माणसाकडं काही मागू नये. मागितलं तर तो नाही म्हणत नाही, म्हणजे त्याला म्हणताच येत नाही. चारचौघांत, दुसऱ्याच्या दारात, हातात घास असताना नाही कोण म्हणणार? म्हणून तर जत्रेची वर्गणी गोळा करणारी बेरकी मंडळी बरोबर पंगतीच्या वेळी उगवतात. एकानं गव्हाचं एक पोतं म्हटलं की शेजारचा दोन म्हणतो, आणि त्याच्या पलीकडचा, ज्याच्या घरी अर्धंसुद्धा नसतं, तो तीन म्हणून मोकळा होतो. पुढं पोती येतात किती, ते देवालाच माहीत.

आता ही रीत अमरनाथला ठाऊक नव्हती असं कोणी म्हणालं, तर खुशाल त्याला येड्यात काढा. अमरनाथ त्याच गावचा. हणमंतप्पा आडत्यांचा थोरला. असल्या कितीतरी पंगतींत त्यानं स्वतः वाढलेलं. ठाऊक असूनही त्यानं केलं ते केलं, आणि म्हणून तर पुढचं सगळं रामायण.

अमरनाथ धाराशिवला एका सरकारी ऑफिसात कंत्राटी नोकरीला होता. काम मोठं नामी. जिल्ह्यात कुठल्या धंद्याला कसली माणसं लागणार ते आधी मालकांना विचारायचं, आणि तेवढीच माणसं तेवढंच काम शिकवून तयार करायची. उगाच गावोगाव शिवणाचे वर्ग काढायचे आणि मग बायांनी मशीनवर गोधडीची घडी ठेवायची, हे बंद करायचं. अमरनाथचा ह्या कामावर मनापासून विश्वास होता. पण मालक लोक फोनच उचलेनात. उचलला तर म्हणायचे, "उद्या बोलू." सोमवारी जिल्ह्याची बैठक, आराखडा मांडायचा, आणि उमरग्याच्या रकान्यात शनिवारपर्यंत भोपळा.

रविवारी त्याच्या चुलतभावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. उमरग्यातले झाडून सगळे डॉक्टर जेवायला आले होते. अमरनाथ हातात तुपाची वाटी घेऊन पंगतीत हिंडत होता. शाळेतला त्याचा सोबती शांतलिंग, आता वीस खाटांच्या दवाखान्याचा मालक, गव्हाच्या खिरीचा, म्हणजे हुग्गीचा, ढीग पुढ्यात घेऊन बसला होता. अमरनाथनं त्याच्या हुग्गीवर तूप सोडलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "शांतलिंग, पेशंटची सेवा करायला शिकलेल्या बाया दिल्या, तर किती घेशील?"

"पाठव की आठ," शांतलिंग म्हणाला.

"आठानं काय होतंय?" शेजारचे हाडांचे डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडं दहा पाठवा."

झालं. पंगतीला ऊत आला. लहान मुलांच्या डॉक्टरांनी दहा सांगितल्या. शेवटी बसलेल्या औषध दुकानदारानं, ज्याच्याकडं खाट सोडा, बसायला बाकडंसुद्धा नव्हतं, त्यानं ओरडून सांगितलं, "आमालाबी दोन ठेवा हो!" सगळे खो खो हसले. अमरनाथही हसला. आणि हसता हसताच त्यानं बेरीज केली. तीस. शिकवायच्या वर्गाची एक तुकडी बरोबर तीस जणींची असते.

हा आकडा ताटावरचा आहे हे त्याला कळत होतं, नाही असं नाही. पण तिकडं त्यानं लक्ष दिलं नाही. सोमवारी बैठकीत त्यानं तीस हा आकडा सांगितला, साहेबांनी मान हलवली, आणि तुकडी मंजूर झाली.

मग बाया शोधायला तो गावोगाव फिरला. माकणीत त्याला कोणीतरी दीपमालाचं घर दाखवलं. दीपमाला शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. काम थोडं, पण बरीच वर्षं तिच्याकडंच असलेलं, हक्काचं. नवरा शंभू ऊसतोडणीच्या यंत्रावर ड्रायव्हर, अर्धं वर्ष कर्नाटकात. घरात सासू धुरपदाबाई आणि मुलगी निकिता. सासरे तीन वर्षं अंथरुणाला खिळून गेले, पण दीपमालानं त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही, हे सगळी माकणी सांगायची. अशीच बाई अमरनाथला हवी होती.

धुरपदाबाई उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या मागं लागायला माझी सून काय खुळी हाय व्हय? शाळंचं काम सोडलं की बाया टपूनच बसल्यात. कुणाचा रं तू?"

"उमरग्याच्या हणमंतप्पा आडत्यांचा, आजी."

"आत्ता गं बया!" म्हातारीचे हात थांबले. "आमच्या मालकांचा माल तिथंच जायचा की. तुझ्या बापानं काट्यात कवा मारलं न्हाय." तिनं सूप बाजूला सारलं. "मग तूच सांग. शिकली की काम लागतंय का नक्की?"

इथं 'प्रयत्न करू' म्हणता आलं असतं. 'बघू' म्हणता आलं असतं. सरकारी माणसाला हे दोन शब्द तर जन्मतःच येतात. पण दारामागं दीपमाला उभी होती, आणि तिच्या तोंडावर जी आशा होती ती बघून अमरनाथचा तोल गेला.

"आजी, डॉक्टर वाट बघत बसलेत," तो म्हणाला.

दीपमालानं शाळेचं काम सोडलं. दुसऱ्याच दिवशी तिथं दुसरी बाई लागली.

वर्ग चांगला झाला, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पेशंटला कूस कशी बदलायची, ताप कसा बघायचा, नळी असलेल्या माणसाला अंघोळ कशी घालायची, सगळं बाया शिकल्या. साडीवर घालायचे फिकट निळे कोट मिळाले. शेवटच्या दिवशी फोटो, भाषणं, पेढे. आणि मग अमरनाथ शांतलिंगच्या दवाखान्यात गेला.

शांतलिंग त्याच्या तोंडाकडं बघतच राहिला. "अरे खुळ्या, तू ते खरं धरलंस?"

"तू आठ म्हणालास."

"पंगतीत म्हणालो रे! तूप वाढत विचारतोस, मी काय म्हणणार?" शांतलिंगनं त्याचा दंड धरून त्याला वॉर्डाच्या दारात नेलं. "बघ. एका पेशंटमागं सहा माणसं. एक पाय चेपतंय, एक डबा आणतंय, एक नुसतंच रडतंय. इथं सेवेला पगारी बाई कोण ठेवतंय? आपल्या लोकांत आईबापाची सेवा परक्याकडून करून घेतली, तर गाव थुंकतंय तोंडावर. तू काय परदेशातून आलास का, अमर?"

ह्यातलं अमरनाथला काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. त्याची आजी वारली तेव्हा दवाखान्यात तिच्या खाटेभोवती तोही तर सहा जणांत होता.

हाडांच्या डॉक्टरांनी चहा पाजला. लहान मुलांच्या डॉक्टरांनी चहा पाजून वर "बघू की" म्हटलं. चार-पाच जणी पुण्याला, हैदराबादला गेल्या. बाकीच्या कोट घडी करून आपापल्या गावी परतल्या. दीपमालाला घर सोडून लांब जाता येणार नव्हतं. तिनं दोनदा फोन केला. दोन्ही वेळा अमरनाथ म्हणाला, "ताई, लावलंय, होतंय." तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा त्यानं तो वाजू दिला. वाजायचा थांबेपर्यंत तो फोनकडं बघत बसला होता, आणि त्याला स्वतःची किळस आली.

त्याच सुमाराला हणमंतप्पा न्हाणीघरात घसरले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. घरी आल्यावर बघायला माणूस हवं होतं. आई शांताक्का गुडघ्यांनी अधू. अमरनाथनं दीपमालाला फोन केला. लोक काय म्हणतील ते म्हणोत, आपल्या आप्पांना आपण पगारी बाई ठेवू, असं त्यानं ठरवलं. खरं तर बापाच्या दुखण्यात त्याला स्वतःचीच सुटका दिसली. बाप पडलाय आणि आपल्याला हायसं वाटतंय, ह्याची त्याला लाजही वाटली. पण हायसं वाटलं ते वाटलंच.

दीपमाला रोज सकाळच्या एसटीनं यायची, कोट चढवायची आणि आप्पांच्या मागं लागायची. आप्पांनी शिव्या दिल्या, तिनं ऐकल्या. दिवाळीपर्यंत आप्पा वॉकर धरून अंगणात आले. जिल्ह्याच्या बैठकीत अमरनाथनं सांगितलं, "रुग्णसेविका, उमरगा, एक." साहेब म्हणाले, "गुड."

आप्पा चालायला लागले, तसं दीपमालाचं काम कमी होत गेलं. म्हणजे आप्पांच्या सेवेचं. एक दिवस शांताक्का म्हणाली, "एवढ्या दोन भाकरी टाक गं, माझा गुडघा धरलाय." मग दोनाच्या घरच्या सगळ्या झाल्या. मग भांडी. मग धुणं. शांताक्का काही दुष्ट बाई नव्हती; घरात रिकामा हात दिसला की त्याला काम द्यायचं, हे तिच्या हाडातच होतं. "तो कोट कशाला घालतीस? हळदीनं खराब होतोय," असंही तीच मायेनं म्हणाली. तेव्हापासून कोट एका पिशवीत घालून खुंटीवर लटकू लागला. अमरनाथ शनिवारी घरी यायचा, दीपमालानं थापलेली भाकरी खायचा, आणि खुंटीकडं पाठ करून बसायचा. आईला एका शब्दानं बोलावं, असं त्याला दर शनिवारी वाटायचं. बोलला नाही. काय बोलणार? हिला मी नर्ससारखं काम लावतो म्हणून शाळेतनं काढून आणलंय, असं?

खिचडी शिजवणाऱ्या बाईला त्यानं एवढं शिकवून भाकऱ्या थापायला बसवलं होतं. आराखड्याचं फळ म्हणायचं ते हेच.

जानेवारीत साहेबांनी त्याला बोलावलं. पुढच्या तुकडीसाठी गावोगावच्या बायांचा मेळावा घ्यायचा होता, आणि स्टेजवर एक यशोगाथा हवी होती. "ती तुमची उमरग्याची बाई आणा. सासूलाही आणा. सासू बोलली की बाया ऐकतात."

रविवारी अमरनाथ मोटारसायकल काढून माकणीला गेला. मनाशी त्यानं पक्कं ठरवलं होतं: धुरपदाबाईंसमोर बसायचं आणि सगळं सांगून टाकायचं. पंगत, हुग्गी, तीसचा आकडा, सगळं. म्हातारी शिव्या देईल, देऊ दे. दोन थोबाडीत मारेल तर बरंच.

पण त्याला बघून धुरपदाबाई लगबगीनं उठली, खुर्ची मांडली, आपल्या पदरानं पुसली. "बस बाबा, बस. अगं निकिता, साहेब आलं बघ! आईच्या दवाखान्याचं साहेब!"

अमरनाथ बसता बसता थबकला. "दवाखान्याचे?"

"मग? शांतलिंग डॉक्टराकडं सिस्टर हाय म्हनून समद्या माकणीला सांगितलंय म्या. सकाळी ती निळा कोट घालून एसटीला जाती तवा बाया दारातनं बघत्यात." म्हातारीचा चेहरा नुसता फुलला होता. "खरं सांगू का, निकिताला बारावी झाली की उजवून टाकायची म्हनत होते मी. आता न्हाय. आईगत सिस्टर व्हायचं म्हनतीय. लातूरच्या कॉलेजात घालायची तिला. शंभूलाबी सांगितलं, मधी बोलायचं न्हाय."

तर असं होतं. दीपमाला रोज कोट घालून घरातनं निघायची आणि त्याच्या घरी येऊन तो पिशवीत घालायची. अमरनाथच्या कानांत गरम वाफ गेल्यासारखं झालं. एका वाक्यात टाकलेलं त्याचं खोटं ह्या घरात एवढं वाढलं होतं, आणि रोज सकाळी ते कोण चालवत होतं, तर दीपमाला.

"आजी," तो म्हणाला, "मला तुम्हाला एक सांगायचंय."

"साहेब, च्या घ्या," दीपमाला आतनं आली. तिनं कप त्याच्या हातात दिला आणि त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं मुकाट्यानं कप तोंडाला लावला. "आत्या, साहेबांना घाई हाय. मी रस्त्यापतूर सोडून येते."

मोटारसायकलपाशी आल्यावर ती थांबली. "काय सांगणार हुता?"

"खरं ते. ताई, त्या डॉक्टरांनी कधी बाया मागितल्याच नव्हत्या. मी पंगतीत..."

"म्हाईत हाय. डॉक्टरांनीच सांगितलं मला, मी काम मागाया गेले तवा." तिचा आवाज चढला नाही. "आत्यांना सांगून काय व्हनार? तुमी मोकळं व्हाल. रातच्याला झोप लागंल तुमाला. आन माझी पोरगी? आत्या म्हनतील, समदं शिकणं असंच खोटं असतंय. महिन्याभरात पावणं बघाया येतील तिला."

अमरनाथनं खिशातनं काढलेली किल्ली परत खिशात टाकली.

"तिला एकदा कॉलेजात जाऊ द्या, शिकून बाहेर पडू द्या. मग मी सोता सांगते आत्यांना. तवर तुमी गप ऱ्हावा. लई जड जाईल, पर ऱ्हावा."

"आणि तो मेळावा..." त्यानं चाचरत साहेबांचा निरोप सांगितला.

"तिथं न्हाय येनार." ह्या वेळी मात्र तिचे डोळे पेटले. "माझ्या घरापुरतं खोटं मी निभावीन. दुसऱ्या बायांच्या हातातलं सुटाया नगं माझ्यापायी. आन तुमाला बोलायचंच हाय ना खरं? तर तिथं बोला. तुमच्या साहेबाम्होरं."

अमरनाथनं मान हलवली. तेवढ्यात निकिता धावत आली. सतरा वर्षांची, आईसारखीच उंच, हातात फोन.

"सर, एक विचारू? तुमच्याकडं आईचा दवाखान्यातला फोटो असेल ना? पेशंटजवळचा, कोट घातलेला? आई कधी काढूनच घेत नाही. मला होस्टेलला न्यायचाय."

दीपमाला मातीकडं बघू लागली.

"आहे," अमरनाथ म्हणाला. "पाठवतो."

सोमवारी त्यानं साहेबांना सांगितलं की यशोगाथा मिळणार नाही, कारण यश नाही, आणि तो आकडा पंगतीतला होता. साहेबांनी हातातली फाईल मिटली. मग म्हणाले, "हे आत्ता सांगताय?" कंत्राट मार्चमध्ये संपणार होतं, ते पुढं वाढणार नाही, हे अमरनाथला त्या सुरावरनं कळलं. मेळावा मात्र रद्द झाला. त्याला वाटलं होतं, आता छातीवरचं थोडं उतरेल. काही उतरलं नाही.

शनिवारी दुपारी तो दीपमालाला घेऊन शांतलिंगच्या दवाखान्यात गेला. फोटोचं ऐकून शांतलिंग काहीतरी बोलणार होता, पण दीपमालाकडं बघून त्यानं नुसतं वॉर्डाचं दार उघडलं.

सगळ्या खाटांभोवती माणसांची दाटी होती. कोपऱ्यातल्या एका खाटेपाशी तेवढं कोणी नव्हतं. तिथं नीलम्मा नावाची म्हातारी होती, सीमेपलीकडच्या कानडी खेड्यातली. मुलं हैदराबादला, दाखल करून, डबा लावून निघून गेलेली. "हिच्याजवळ उभं राहा," शांतलिंग म्हणाला.

दीपमालानं कोट चढवला, बटणं लावली, खाटेजवळ उभी राहिली. अमरनाथनं फोन वर धरला.

पण ती कॅमेऱ्याकडं बघेचना. म्हातारी उशीवरनं घसरून कमरेत वाकडी पडली होती, खालची चादर गोळा झाली होती. दीपमाला वाकली. एक हात मानेखाली, एक कमरेखाली घालून तिनं नीलम्माला अलगद वर घेतलं, कुशीवर वळवलं, चादर ताणली, गुडघ्यांच्या मधे घडी करून उशी ठेवली. मग पाठीवरनं हात फिरवून बघितलं, कुठं लाल झालंय का. आजूबाजूचे नातेवाईक बोलायचे थांबून बघू लागले. अमरनाथचं बोट केव्हातरी बटणावर पडलं होतं.

नीलम्मानं तिचं मनगट धरलं. "किती बरं वाटलं गं, अव्वा. उद्या येशील का?"

दीपमालानं शांतलिंगकडं बघितलं. शांतलिंगनं अमरनाथकडं बघितलं. आत्ता जेवणाचं ताट कोणापुढंच नव्हतं, त्यामुळं हो म्हणायची सक्ती कोणावरच नव्हती.

"बघते, अव्वा," दीपमाला म्हणाली आणि हळूच मनगट सोडवून घेतलं.

बाहेर पायरीवर अमरनाथनं फोटो उघडला. दवाखाना होता, खाट होती, निळा कोट होता, आणि म्हातारीला सावरणारी एक सिस्टर होती. कुठंच काही खोटं दिसत नव्हतं. त्यानं तो निकिताला पाठवला. लगेच उत्तर आलं, 'थँक्यू सर. आई इतकी खूश मी कधीच बघितली नव्हती.'

त्यानं ते दीपमालाला वाचून दाखवलं नाही. ती कोट घडी करून पिशवीत घालत होती.

"चला, साहेब," ती म्हणाली, "आप्पांच्या भाकरीची येळ झाली."